दिलें तेवढें उरलें

भर्तृहरीनें धनाच्या तीन गति सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. जो देत नाहीं आणि उपभोगीतहि नाहीं, त्याच्या धनाला तिसरी गति ठेवलेलीच आहे. हें सुभाषित मीं पस्तीस वर्षें मुलांना शिकविलें. त्याचा अन्वय लावून दिला, समास सोडवून दाखविले, परीक्षेंत त्यावर प्रश्नहि घातले. परंतु त्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, बदलापुरास आमच्या घरांत कमरेइतकें पाणी चढलें त्यानंतर. आणि तो समजावून दिला तो कोणा शास्त्रीबुवांनीं नव्हे, तर उल्हासनगरांतील एका सिंधी फोटोग्राफरांनीं. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

छायाचित्रणाचा नाद मला शाळेंत नोकरी लागल्यावर जडला. प्रथम हातीं आला तो बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा; पुढें चार वर्षांच्या काटकसरीनें एक जुना, दोन भिंगांचा यशिका घेतला. फिल्म धुवून घेण्याच्या निमित्तानें उल्हासनगरच्या एका स्टुडिओंत जाणें-येणें सुरू झालें. स्टुडिओचे मालक माझ्याहून जवळजवळ वीस वर्षांनीं वडील. मी त्यांना ‘साईं’ म्हणत असें, ते मला ‘मास्तरजी’ म्हणत. तेथेंच तिसऱ्या गृहस्थांची गांठ पडली. ते अंबरनाथच्या एका कारखान्यांत यंत्रांचे नकाशे काढीत. बोलण्यांत मोजके आणि कामांत त्याहून मोजके. आम्हां तिघांचीं गांवें तीन, पण रेल्वेच्या एकाच फांट्यावर लागोपाठ येणारीं: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

१९८४ च्या दिवाळींत साईंच्या स्टुडिओंत चहा पितांना एक बेत ठरला. प्रत्येकानें दर महिन्यास आपली एक निगेटिव्ह निवडावी, तिचीं स्वतःच्या हातानें पोस्टकार्डाच्या मापाचीं तीन चित्रें काढावीं, एक आपल्याजवळ ठेवावें व दोन दोघां मित्रांना टपालानें पाठवावीं. नियम चारच होते. कॅमेऱ्याची कळ दाबण्यापासून प्रिंट वाळविण्यापर्यंत दुसऱ्याचा हात लागतां कामा नये. कार्ड पाकिटांत घालावयाचें नाहीं. तिकीट लावून उघडेंच पाठवावयाचें. ज्याला कार्ड मिळेल त्यानें त्यावर एक तरी खरा अभिप्राय कळवावयाचा. ‘छान’ हा अभिप्राय धरला जाणार नाहीं. आणि चौथा नियम असा कीं, एकदां टपालांत पडलेलें कार्ड पाठविणाऱ्याचें राहिलें नाहीं. तें सर्वस्वीं घेणाऱ्याचें झालें. हा चौथा नियम साईंचा. त्यांत काय भरलें आहे तें त्या वेळीं आम्हां दोघांच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत या बेताची थट्टा झाली. काकू म्हणाल्या, “अरे, गाडीनें पंधरा-वीस मिनिटांत जाऊन हातांत द्यायचें तें टपालपेटींत कशाला टाकतोस?” प्रश्न रास्त होता. पण समोर भेटलें म्हणजे माणूस दहा चित्रें दाखवितो, पहिल्याबद्दल सबबी सांगतो आणि दुसऱ्याबद्दल प्रौढी. टपालांत पडलेल्या कार्डाबरोबर सबब जात नाहीं. महिन्यांतून एकच चित्र पाठवावयाचें म्हटल्यावर बाकीचीं अकरा बाजूला सारावीं लागतात, आणि हें सारणें हेंच खरें शिक्षण. शिवाय टपालवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या डोळ्यांखालून जें जावयाचें, तें निष्काळजीपणानें करण्याची लाज वाटते.

कल्पना आम्हांस नवी वाटली तरी ती नवी नव्हती. पोस्टकार्ड प्रथम निघालें तें १८६९ सालीं ऑस्ट्रियांत. आपल्याकडे तें १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला मिळूं लागलें. त्याच्याहि आधीं, १८६१ सालीं, अमेरिकेंतील हौशी छायाचित्रकारांनीं आपापल्या प्रिंट एकमेकांस पाठविण्यासाठीं एक मंडळ काढलें होतें. तें फार वर्षें टिकलें नाहीं. आमच्या मुंबईनें त्यापूर्वींच पाऊल टाकलें होतें. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५६ ते १८५८ या काळांत हौशी छायाचित्रकारांसाठीं एक मासिक चित्रसंग्रह निघत असे, त्यांत यंत्रावर छापलेलीं चित्रें नसून खऱ्याखुऱ्या प्रिंट चिकटविलेल्या असत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटींतील नांवाजलेले छायाचित्रकार होते. पुढें १९०२ च्या सुमारास पाठीवर पोस्टकार्डाच्या रेघा असलेला प्रकाशग्राही कागद परदेशांत विक्रीस आला, आणि १९०३ सालीं कोडॅक कंपनीनें पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेराच काढला.

वाचकांनीं आपल्या घरांतील जुन्या फोटोंची पेटी एकदां उघडून पाहावी. आजोबा पगडी घालून खुर्चीवर बसले आहेत आणि आजी शेजारीं उभी आहे, असा एखादा साडेतीन बाय साडेपांच इंचांचा फोटो निघेल. तो उलटा करून पाहा. पाठीवर मधोमध उभी रेघ आणि उजवीकडे पत्त्यासाठीं जागा आढळण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या काळचे स्टुडिओ अशाच कागदावर फोटो काढून देत. म्हणजे आपले आजी-आजोबा कोणाकडे तरी जाण्यासाठींच छापले गेले होते. ते पेटींत अडकून पडले, ही मागाहूनची गोष्ट.

आमची अंधारखोली म्हणजे रात्रीं दहानंतरचें न्हाणीघर. साईंनीं एक जुना एन्लार्जर दिला, खिडकीला काळें कापड लावलें आणि लाल दिवा टांगला. मातोश्रींची अट एकच होती: स्वयंपाकघरांतलें एकहि भांडें तिकडे जावयाचें नाहीं. तीन तबकें ओळीनें मांडावयाचीं. पहिल्यांत डेव्हलपर, त्यांत कोऱ्या कागदावर चित्र उमटूं लागतें तो क्षण शंभर वेळां पाहिला तरी जुना होत नाहीं. दुसऱ्यांत सौम्य आम्ल, तें ही क्रिया थांबवितें. तिसऱ्यांत हायपो, तो प्रकाश न लागलेलें रुपें विरघळवून चित्र कायम करतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१९ सालीं ओळखला आणि १८३९ सालीं तो छायाचित्रणाच्या कामीं आला. आठ बाय दहा इंचांच्या एका कागदाचे चार तुकडे केले कीं चार बाय पांचचीं चार कार्डें होतात. तीन पाठविण्या-ठेवण्याचीं आणि चौथें चुकण्याचें.

यानंतरचें काम मात्र कंटाळवाणें: धुणें. जाड कागदांतील हायपो निघून जाण्यास तासभर पाणी बदलीत बसावें लागतें. आमच्याकडे नळाचें पाणी ठरल्या वेळींच येई; मध्यरात्रीं बादल्या मोजून वापराव्या लागत. एकदां मी टाळाटाळ केली. कार्ड दिसावयास झकास दिसत होतें. साईंनीं तें नाकाशीं धरलें आणि म्हणाले, “मास्तरजी, हायपो राहिला आहे. हें कार्ड तुमच्या घरीं पिवळें पडणार नाहीं, माझ्या घरीं पडेल.” त्या दिवसापासून मी धुण्यांत कसूर केली नाहीं. वापरलेला हायपोहि आम्ही गटारांत ओतीत नसूं. त्यांत रुपें विरघळलेलें असतें. साईंकडे तो साठवून तें परत मिळवीत. ज्या वालधुनीच्या कांठीं अंबरनाथचें देऊळ उभें आहे तिचें पाणी खालीं उल्हासनगरांत पोंचेपर्यंत कारखान्यांच्या सांडपाण्यानें कसें होतें, हें तेथें राहणाऱ्यांना सांगावयास नको. त्यांत आपली वाटी ओतावयाची नाहीं एवढेंच आपल्या हातीं.

पहिल्या फेरीचा विषय तेंच शिवालय होतें. शिलाहारांच्या काळचें, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें हें मंदिर. १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेची एक तुकडी येथें येऊन शिल्पांचे साचे, रेखाचित्रें व छायाचित्रें करून गेली होती. आम्ही तिघे तीन वेगवेगळ्या दिवशीं गेलों. नकाशेवाल्यांच्या कार्डांत प्रत्येक उभी रेघ ओळंब्यांत होती. साईंनीं देवळाला वधूसारखें तिन्हीसांजेच्या उजेडांत बसविलें होतें. माझ्या कार्डांत आभाळ फार, देऊळ थोडें, आणि पाठीवर माझें भाष्य मूळ ग्रंथाहून मोठें. नकाशेवाल्यांचा अभिप्राय तीनच शब्दांचा आला: “देऊळ कोठें आहे?” इतकी उपयुक्त टीका मला शाळेच्या तपासनीसांकडूनहि कधीं मिळाली नाहीं.

अशीं वर्षें गेलीं. १९८७ च्या मार्गशीर्षांत मी एक कार्ड पाठविलें. सकाळची वेळ, पूर्वेच्या दारांतून तिरपा उजेड आलेला, आणि मातोश्री उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ निवडीत बसलेल्या. त्या कॅमेऱ्याकडे पाहत नव्हत्या. मीं फोटो घेतला हें त्यांना कळलेंहि नसावें. यशिकाची निगेटिव्ह चौरस असते आणि कार्ड लांबट, म्हणून कांहीं भाग सोडावा लागतो. वरच्या कडेला, पाठीमागच्या ओटीवर, वडील वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांचे गुडघे, एक हात आणि पत्राची घडी एवढें चित्रांत येत होतें. रचना बिघडते म्हणून मीं ती बाजू काढून टाकली. कार्डाच्या मागें लिहिलें: “दाराचा प्रकाश. एफ ३.५, १/३० सेकंद. सावलींतील तपशील पाहावा.” आणि टपालांत टाकलें. नकाशेवाल्यांनीं सावलींतील तपशील पाहून समाधान कळविलें. साईंचा अभिप्राय मात्र त्या खेपेस आला नाहीं. नियम मोडल्याबद्दल मीं त्यांची थट्टा केली, ते नुसते हंसले.

वडील १९९३ सालीं गेले, मातोश्री १९९९ सालीं.

२६ जुलै २००५ या दिवसाचा पाऊस कोणास विसरतां येणार नाहीं. मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. इकडे उल्हास नदी पात्र सोडून बदलापूरच्या सखल वस्तींत शिरली. आम्ही मुलांना व काकूंना माडीवर नेलें, धान्याचे डबे नेले, देव नेले. जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीची आठवण झाली तेव्हां ती पाण्याखालीं गेली होती. तींत वीस वर्षांच्या सर्व निगेटिव्ह होत्या आणि माझ्याजवळ ठेवलेलीं कार्डेंहि.

यापुढचा दोष पाण्याचा नाहीं, माझा आहे. तो सांगतों, कारण कोणाला तरी उपयोग होईल. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हां निगेटिव्ह चिखलांत एकमेकींस चिकटल्या होत्या, पण चित्रें जिवंत होतीं. वीज नव्हती, हवा दमट होती. बुरशी येईल या धास्तीनें मीं ते गठ्ठे गॅसच्या शेगडीजवळ उबेला ठेवले. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि ओलें जिलेटिन उबेनें वितळतें, हें मला पाठ होतें. मुलांना प्रदर्शनांत सांगितलेंहि होतें. त्या रात्रीं तें आठवलें नाहीं. सकाळीं सगळ्याचा एक काळा गोळा झाला होता. अशा वेळीं करावें तें इतकेंच: ओल्या निगेटिव्ह व फोटो स्वच्छ, थंड पाण्यांत बुडवून ठेवावे, पाण्यांतच हलक्या हातानें सुटे करावे आणि एकेक टांगून सावलींत वाऱ्यावर वाळूं द्यावे, दोन दिवसांच्या आंत हें उरकावें, आणि आग, ऊन, इस्त्री यांपासून दूर राहावें.

पंधरा दिवसांनीं गाड्या सुरळीत झाल्यावर उल्हासनगरास गेलों. साईंची प्रकृति ठीक नव्हती, म्हणून त्यांच्या सूनबाईंनीं मला आंतल्या खोलींत नेलें. इतक्या वर्षांत मी स्टुडिओच्या पलीकडे कधीं गेलों नव्हतों. भिंतीवर झूलेलालची तसबीर होती, आणि तिच्या शेजारीं, तेवढ्याच मापाच्या चौकटींत, माझ्या मातोश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या.

मला बोलवेना. साईंच तुटक्या मराठींत म्हणाले, “मास्तरजी, आम्ही कराचीहून आगबोटीनें आलों तेव्हां मी सात वर्षांचा होतों. आई इथें बराकींतच गेली. तिचा एकहि फोटो नाहीं. सगळ्या कॅम्पाचे फोटो मीं काढले, आईचा नाहीं. हें कार्ड आलें तेव्हां वाटलें, अशीच बसायची.”

१९४७ नंतर कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत जवळजवळ एक लाख निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीचें नांव उल्हासनगर झालें, हें मी शाळेंत शिकवीत असें. घरें सोडून आलेल्या माणसांचे फोटोहि तिकडेच राहिले असतील, हें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

मीं भीत भीत कार्ड मागितलें. त्यांनीं स्वच्छ नकार दिला. “कार्ड देणार नाहीं. तुम्हींच पाठवलें, आतां माझें आहे. तुम्ही कॅमेरा घेऊन या, फोटोचा फोटो घ्या, पाहिजे तितके घ्या.” चौथा नियम! तो नसता तर तें कार्ड मीं कधींच हट्टानें परत आणलें असतें आणि जिन्याखालच्या पेटींत जपून ठेवलें असतें.

दुसऱ्या रविवारीं यशिका घेऊन गेलों. चौकट उघडून कार्ड बाहेर काढलें तेव्हां पाठीवरचें माझें अक्षर दिसलें: दाराचा प्रकाश, एफ ३.५, १/३० सेकंद. त्या मजकुरांत ‘ही माझी आई’ हे तीन शब्द नव्हते. खालीं कोपऱ्यांत साईंनीं पेन्सिलीनें लिहिलें होतें, “मास्तरजीकी माँ”. अठरा वर्षें तें कार्ड पांढरेंशुभ्र राहिलें होतें. त्या रात्रीं बादल्या मोजून धुतलें होतें म्हणून. वडिलांचा हात मात्र आतां कोठेंहि नाहीं. तो मीं रचनेसाठीं कापला होता.

कार्डाची नवी निगेटिव्ह करून मीं सात प्रिंट काढल्या आणि भावंडांच्या सात बिऱ्हाडीं टपालानें पाठविल्या. आमच्या घरची प्रिंट काकूंपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं मिळून पाहिली. भवभूतीच्या उत्तररामचरितांत पहिल्या अंकीं राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याचीं चित्रें पाहत उभीं असतात, आणि तें चित्र आहे हें विसरून सीता क्षणभर घाबरते. आमच्या काकूंनीं त्या दिवशीं चित्राकडे पाहून म्हटलें, “तो आंबेमोहर होता. खडा फार निघायचा.”

साईं २०१६ सालीं गेले. कार्ड त्यांच्याच घरीं आहे आणि तेथेंच राहणें योग्य आहे. नकाशेवाले मुलाकडे पुण्यास गेले. त्यांचीं कार्डें अजून येतात, रेघा अजून ओळंब्यांत असतात. काळ मात्र पालटला. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदु’ कागद आम्ही वर्षानुवर्षें वापरला. तो कारखाना बंद झाला. कोडॅकसारख्या कंपनीला २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तरीहि फिल्म संपली नाहीं. परदेशांतून येते, महाग पडते, आणि देशोदेशींचे हौशी लोक नांवांची यादी करून, यादींत जितकीं नांवें तितकीं कार्डें हातानें छापून एकमेकांस आजहि पाठवीत असतात.

आमच्या घरीं ही प्रथा दोन मुलींनीं उचलली आहे: माझ्या पुतण्याची मुलगी आणि साईंची नात. त्यांना न्हाणीघर अडवावयास घरांत मुभा नाहीं, म्हणून त्या निळीं चित्रें काढतात. ही युक्तिहि त्या हर्शेलचीच, १८४२ सालची. शंभर मिलिलिटर पाण्यांत वीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभर मिलिलिटरांत आठ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही द्रव वेगळ्या बाटल्यांत ठेवून लागतील तेव्हांच समभाग मिसळावे, मंद दिव्यांत जाड कागदाला ब्रशनें लावून अंधारांत वाळवावे. वर मोठी निगेटिव्ह किंवा नुसतें पिंपळाचें पान ठेवून कांचेखालीं दहा-पंधरा मिनिटें उन्हांत धरावें आणि साध्या पाण्यानें, पाणी नितळ निघेपर्यंत, धुवावें. हातमोजे घालावे, आम्लाचा स्पर्श होऊं देऊं नये, भांडीं स्वयंपाकाचीं नसावीं. मातोश्रींची अट अद्याप लागू आहे.

ज्यांना एवढें करणें नको त्यांनीं निदान एक करावें. आज प्रत्येक घरांत फोनमध्यें हजारों फोटो आहेत. ते कोणी पाहत नाहीं आणि कोणाला देतहि नाहीं. ना दान, ना भोग. वर्षाकाठीं त्यांतले बारा निवडून कागदावर उतरवावे आणि दरमहा एक कोणा आप्ताला किंवा मित्राला टपालानें पाठवावा. कडेला आलेला कोणाचा हात कापूं नये. आणि पाठीवर प्रकाशाचा हिशेब नसला तरी चालेल. कोण, कोठें, केव्हां, एवढें पेन्सिलीनें अवश्य लिहावें.

असो. या महिन्याचें माझें कार्ड अजून धुवावयाचें आहे, आणि नळाला पाणी येण्याची वेळ झाली आहे.